आम्हाला एका रकान्यात मिसळू नका: बडोद्यातल्या मानसशास्त्राच्या संशोधकांना आणि समुपदेशकांना खुलं पत्र

प्रति,
बडोद्यात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक, प्रबंधासाठी सर्वेक्षणं करणारे विद्यार्थी, मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दांडिया बाजारात वाढले, संख्याशास्त्र शिकवते आणि बायसेक्शुअल आहे. मला पुरुष आवडले आहेत आणि स्त्रियाही. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सगळ्या गल्लीला ठाऊक आहेत. तिसरी मोजक्या माणसांना माहीत आहे आणि माझी आई त्यांत नाही, म्हणून पत्राखाली नाव घातलेलं नाही.

प्रबंधाची आकडेवारी तपासून घ्यायला विद्यार्थी माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांत आघातानंतरच्या तणावाची, म्हणजे पीटीएसडीची लक्षणं मोजणारे बरेच असतात. त्यांच्या तक्त्यांत मला पुन्हा पुन्हा तीच मांडणी दिसते. एका बाजूला भिन्नलैंगिक, म्हणजे फक्त विरुद्ध लिंगाच्या माणसांची ओढ असलेले, दुसऱ्या बाजूला ‘एलजीबीटीक्यू’, आणि त्या दुसऱ्या रकान्याखाली एक सरासरी. गे मुलगा, लेस्बियन बाई, ट्रान्स व्यक्ती आणि माझ्यासारखी, सगळ्यांचा मिळून एक आकडा. विचारलं की उत्तर येतं, “मॅडम, वेगळे केले तर प्रत्येक गटात माणसं फारच कमी उरतात.” अडचण खरी आहे. पण त्यावर काढलेला तोडगा चुकीचा आहे, आणि त्याची किंमत उपचार घ्यायला येणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१० साली लैंगिक हिंसा आणि जोडीदाराकडून होणारी हिंसा यांचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. लैंगिक कलानुसार आकडे वेगळे करून त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. जोडीदाराकडून आयुष्यात कधीतरी बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग सोसलेल्या स्त्रियांचं प्रमाण भिन्नलैंगिकांमध्ये ३५ टक्के, लेस्बियन स्त्रियांमध्ये ४३.८ टक्के आणि बायसेक्शुअल स्त्रियांमध्ये ६१.१ टक्के निघालं. आता त्याच अहवालातलं बलात्काराचं प्रमाण पाहा, करणारा कोणीही असो: भिन्नलैंगिक १७.४, लेस्बियन १३.१, बायसेक्शुअल ४६.१ टक्के. लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांची इथे एकत्र सरासरी काढली असती, तर एकीच्या वाट्याला नसलेलं दुःख चढलं असतं आणि दुसरीचं असलेलं पुसलं गेलं असतं. पुरुषांतही तोच प्रकार. जोडीदाराकडून हिंसा झालेल्या बायसेक्शुअल पुरुषांचं प्रमाण ३७.३ टक्के, गे पुरुषांचं २६, भिन्नलैंगिक पुरुषांचं २९.

हे आकडे अमेरिकेचे आहेत. बडोद्याचे असेच निघतील असा माझा दावा नाही. वेगळे मोजल्याशिवाय ते कसे निघतील हे कोणालाच कळणार नाही, इतकंच मी म्हणते. गट लहान असेल तर लहान म्हणून छापा. आकड्यासोबत त्याची अनिश्चितता किती तेही लिहा आणि मोठे निष्कर्ष काढू नका. यंदाच्या, पुढच्या आणि त्यापुढच्या विद्यार्थ्यांनी हे प्रश्न त्याच शब्दांत विचारले, तर तीन-चार प्रबंधांची माहिती एकत्र करता येईल आणि गट आपोआप मोठा होईल. आज प्रत्येक जण आपापला रकाना आखतो, त्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला जोडता येत नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते. आमच्या बाबतीत ‘काय घडलं’ हा प्रश्न नीट विचारलाच जात नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या हातात पीसीएल-५ ही प्रश्नावली असते. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या खात्याच्या पीटीएसडी केंद्राने ती २०१३ मध्ये, डीएसएम-५ ही मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका आल्यावर तयार केली. गेल्या महिन्याभरातल्या त्रासाबद्दल वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. अनेकदा सोबत घटनांची सतरा ओळींची यादी असते. सुरुवात नैसर्गिक आपत्तीने होते, मग आग, रस्त्यावरचा अपघात, हल्ला, लैंगिक अत्याचार असं करत यादी शेवटी ‘याशिवाय कोणताही अतिशय तणावाचा अनुभव’ इथे येऊन थांबते. त्यातली सगळ्यांत वाईट घटना मनात धरून पुढच्या वीस प्रश्नांची उत्तरं द्यायची.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. लोकांच्या घरांत पाणी, वस्तीत मगरी. त्यानंतर कितीतरी महिने बडोद्यात कोणालाही झोप का लागत नाही असं विचारलं, तर ‘पूर’ हे उत्तर तयार असायचं, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही होतं. माझ्या माहितीतल्या एका बाईनेही अशाच एका फॉर्मवर पुरासमोर खूण केली. (तिला विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) तिचे गुण बरेच वर गेले. तपासणाऱ्याने पूरग्रस्त म्हणून नोंद केली, श्वासाचे व्यायाम शिकवले आणि घरी पाठवलं. तिच्या घरात पाणी उंबऱ्यापर्यंतही आलं नव्हतं. लग्नाआधी तिचं एका मुलीवर प्रेम होतं. ते जुने मेसेज नवऱ्याच्या हाती लागले, आणि तेव्हापासून तो तिला ‘ताळ्यावर आणण्यासाठी’ रात्री तिच्यावर जबरदस्ती करतो. फॉर्म भरताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या कागदावर पूर ही एकच गोष्ट अशी होती, जी सासूबाईंसमोर सांगता येत होती.

तिचे गुण खोटे नव्हते. दचकणं, झोप न लागणं, ठरावीक खोलीत जायला नको वाटणं, सगळं खरं होतं. कारण तेवढं चुकीचं नोंदलं गेलं, आणि त्यामुळे उपचारही चुकीच्या गोष्टीवर झाला.

इथे एक बारकावा आहे आणि तो आपल्यापैकी फार थोडे जण फॉर्मवर मांडतात. आपला फौजदारी कायदा अजूनही पतीने सज्ञान पत्नीवर केलेल्या बलात्काराला बलात्कार म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही तो अपवाद तसाच आहे. पण पीटीएसडीच्या व्याख्येत असा अपवाद नाही. तिथे लैंगिक हिंसा म्हणजे लैंगिक हिंसा, करणारा कोणीही असो. शिवाय २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही लैंगिक छळ धरलेला आहे. तरीही ‘तुमच्यावर लैंगिक अत्याचार झाला आहे का’ असं विचारलं की आपल्याकडची लग्न झालेली बाई ‘नाही’ म्हणते, कारण तिला आजवर तसंच शिकवलेलं आहे. म्हणून प्रश्नातच ‘नवरा, बायको, जोडीदार, नातेवाईक, ओळखीचे किंवा अनोळखी, यांपैकी कोणाकडूनही’ असं स्पष्ट लिहा. अर्ध्या ओळीचं काम आहे.

लग्नाबद्दल आणखी थोडं लिहिते, कारण आमच्यातल्या पुष्कळांचा आघात तिथेच घडतो. गे मुलाच्या घरी रडारड होते, मारझोडही होते, पण कधीतरी एखादा मामा म्हणतो, “याला ते जमायचंच नाही.” आमच्या बाबतीत तसा क्षण येत नाही. “तुला मुलगेही आवडतात ना? मग अडलंय कुठे?” आवडू शकतं म्हणजे निवडता येतं, आणि निवडता येत असूनही ऐकत नाही म्हणजे मुद्दाम करते, असा तो हिशोब असतो. त्यातून फोन काढून घेणं, कोंडून ठेवणं, घाईने स्थळ पाहणं सुरू होतं. ज्या बडोदे संस्थानात १९३१ साली, म्हणजे देशाच्या हिंदू विवाह कायद्याच्या जवळपास पाव शतक आधी, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, त्याच गावात आजही माणसाच्या मनाविरुद्ध लग्न लावलं जातं आणि त्याला समजूतदारपणा म्हणतात. मला याचा फार राग येतो.

आणि लग्न झाल्यावर ही माणसं तुमच्या फॉर्ममधून नाहीशी होतात. ‘विवाहित’वर खूण केली की तपासणारा त्यांना भिन्नलैंगिक धरतो. पुष्कळदा ती स्वतःही भीतीने तेच लिहितात. २०१० मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमध्ये अँड्रिया रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. पीटीएसडी होण्याचा धोका बायसेक्शुअल व्यक्तींमध्ये भिन्नलैंगिक व्यक्तींच्या सुमारे दुप्पट आढळला. पण स्वतःला भिन्नलैंगिक म्हणवणाऱ्या आणि तरीही समलिंगी जोडीदार असलेल्या लोकांमध्येही तो धोका जवळपास तितकाच निघाला. ‘तुम्ही कोण आहात’ एवढाच एक प्रश्न विचारला असता, तर ही माणसं त्या संशोधकांच्या हातून निसटली असती. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात: स्वतःला काय म्हणवता, ओढ कोणाबद्दल वाटते, आणि संबंध कोणाशी आले आहेत. तिन्हींची उत्तरं जुळत नसतील तर ती चूक समजून माहितीतून काढून टाकू नका. आमचं जगणंच तसं आहे.

त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि आमच्यासाठी ती सगळ्यांत मोलाची आहे. तो वाढलेला धोका बहुतांशी कशामुळे, तर वाट्याला आलेली जास्त हिंसा, जास्त आघात आणि ते लहान वयात घडणं यांमुळे. म्हणजे लैंगिक कल हे आजाराचं कारण नाही. आमच्याशी जे वागलं जातं ते कारण आहे. घटना न विचारता नुसते गुण मोजले आणि ‘बायसेक्शुअल व्यक्तींमध्ये लक्षणं जास्त’ असं छापलं, तर उद्या कोणाचे तरी वडील तोच कागद नाचवत म्हणतील, “बघ, हा रोगच आहे.” घटनांचा भाग गाळून केलेलं मोजमाप आमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाईल.

आता त्या वीस प्रश्नांकडे माझ्या विषयाच्या नजरेने पाहते. एखाद्या प्रश्नाचे गुण दोन गटांत तुलना करायचे असतील, तर तो प्रश्न दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजतो आहे याची आधी खात्री करावी लागते. सतरावा प्रश्न घ्या: सतत सावध, दक्ष असता का? घरात कळू न देता जगणारी बायसेक्शुअल मुलगी दिवसभर सावधच असते. फोन पालथा ठेवते. आईसमोर मैत्रिणीशी बोलताना ‘येतेस का’च्या जागी ‘येतोस का’ म्हणते, आणि हे इतक्या सराईतपणे करते की तिचं तिलाही जाणवत नाही. ती इथे ४ गुण देईल. तो जुन्या आघाताचा परिणाम आहे की चालू असलेल्या धोक्यापासून स्वतःला जपणं? नववा प्रश्न तर थेट विचारतो, माझ्यातच काहीतरी गंभीर बिघाड आहे असं वाटतं का? जिला पंधराव्या वर्षापासून घरचे हेच सांगत आले आहेत, ती काय उत्तर देणार?

संशोधक इलान मेयर यांनी २००३ मध्ये मांडलेला लैंगिक अल्पसंख्याकांवरच्या ताणाचा विचार तुम्ही शिकवता. रोजचा कलंक, लपवण्याचे श्रम, नाकारलं जाण्याची भीती हा एक ताण, आणि जीवावर बेतलेली किंवा लैंगिक हिंसेची घटना हा दुसरा. आमच्यात हे दोन्ही एकाच देहात राहतात, आणि दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी दिसतात. म्हणून ते वेगळे मोजायला हवेत. पीसीएल-५ सोबत रोजच्या ताणाची वेगळी मोजपट्टी द्या आणि मग पाहा कोणता भाग कशातून येतो. दीर्घकाळ, घरच्याच माणसांकडून त्रास झालेल्यांसाठी आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जटिल पीटीएसडीचं निदान आहे, आणि त्यासाठी आयटीक्यू ही अठरा प्रश्नांची मोफत प्रश्नावली उपलब्ध आहे. स्वतःबद्दलची घृणा, भावनांवर ताबा न राहणं, नाती टिकवणं जड जाणं हे तिच्यात विचारलेलं आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांचं वर्णन मला तिथे जास्त नेमकं वाटतं.

ज्याच्या आधारे ‘पीटीएसडी असण्याची शक्यता’ म्हणतात तो ३१ ते ३३ गुणांचा आकडा दगडावरची रेघ नाही. तो पुढे मुलाखत घ्यायची की नाही हे ठरवायला आहे. मुलाखत न घेता गुणांवरून निदान लिहिलेले कागद मी पाहिले आहेत. कृपा करून ते थांबवा.

आणखी एक, थोडक्यात. आम्हाला दोन्हीकडून ऐकावं लागतं. भिन्नलैंगिक म्हणतात वेळ जाईल तसं सुधारेल. गे आणि लेस्बियन मित्रमंडळींतले काही म्हणतात, शेवटी तू लग्न करून मोकळी होशील. दोन्हींकडून संशय तोच, की आमचं मन खोटं आहे किंवा आम्ही एकनिष्ठ राहूच शकत नाही. मेलनी ब्रूस्टर आणि बॉनी मोराडी यांनी २०१० मध्ये बायसेक्शुअलविरोधी अनुभवांची जी मोजपट्टी बनवली, तिच्यात प्रत्येक अनुभव दोनदा विचारला जातो: भिन्नलैंगिक लोकांकडून किती, आणि लेस्बियन-गे लोकांकडून किती. हे पाहून मला पहिल्यांदा वाटलं की कोणीतरी आमचं नीट ऐकून घेतलं आहे. तुमच्या नमुना निवडण्याच्या पद्धतीशीही याचा संबंध आहे. बडोद्यात विकल्प, लक्ष्य यांसारख्या संस्था एलजीबीटीक्यू लोकांसाठी वर्षानुवर्षं काम करत आहेत आणि त्यांच्या दारातून माणसं मिळवणं सोपं जातं. पण ‘आपण तिथले नाही’ असं वाटून तिकडे न फिरकणारे बायसेक्शुअल लोक तुमच्या अभ्यासात येतच नाहीत.

फॉर्म कुठे आणि कसा भरला जातो, हा प्रश्न मी कोणत्याही सांख्यिकी चाचणीच्या वर ठेवते. मराठी घरात गुजराती फॉर्म आला की घरातला मुलगा किंवा सून तो मोठ्याने वाचून दाखवते. वर्गात बाकाबाकावर वाटला तर शेजारचा डोकावतो. ऑनलाइन दिला तर घरातल्या एकाच फोनवर तो उघडा राहतो. स्वतंत्र खोली द्या, माणसाला वाचता येईल त्या भाषेत द्या, ‘सांगायचं नाही’ हा पर्याय प्रत्येक प्रश्नाला ठेवा. आणि लैंगिक कलाचा प्रश्न नावाच्या आणि फोन नंबरच्या पानावर कधीही ठेवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई करतो आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. तो रुग्णालयासाठी आहे, आमचा प्रबंध आहे, असं म्हणून कोणी हात झटकू नयेत.

गुण मोजून झाल्यावर पुढे काय, हेही आधी ठरवायला हवं. ज्याचे गुण वर गेले त्याला पाठवणार कोणाकडे? २०२० मध्ये केरळमधल्या एका बायसेक्शुअल तरुणीने, घरच्यांनी आपल्याला ‘बरं करण्यासाठी’ जबरदस्तीने केंद्रांत डांबलं, औषधं दिली असं स्वतः सांगितलं, आणि त्याच वर्षी तिने आयुष्य संपवलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या ‘कल बदलण्याच्या’ उपचारांना डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही ‘आधी लग्न करून बघा’ असा सल्ला देणारे समुपदेशक मला या शहरात भेटले आहेत. म्हणून सर्वेक्षण सुरू करण्याआधी ज्यांच्याकडे पाठवणार त्यांची यादी करा, त्यांच्याशी स्वतः बोला आणि जो असा सल्ला देतो त्याचं नाव काढून टाका. रात्री-अपरात्री कोणी कोलमडलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मच्या शेवटी छापा. घरी नेण्याच्या प्रतीवर मात्र तो बाकीच्या साध्या आरोग्य नंबरांमध्ये द्या, म्हणजे कागद कोणाच्या हाती लागला तरी प्रश्न उभे राहणार नाहीत.

शेवटचं मागणं आहे आणि सोबत एक देणंही. प्रश्नावली पक्की करण्याआधी आमच्यातल्या काही जणांना ती वाचायला द्या. आम्ही प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचू, तो ऐकून मनात काय आलं ते सांगू, कुठे खोटं उत्तर द्यावंसं वाटलं तेही सांगू. मराठी आणि गुजराती दोन्ही मसुदे तपासून देऊ. गटांची संख्या, तुलनेची पद्धत, माहिती जोडण्याची रीत यांसाठी मी स्वतः बसेन, त्याचे पैसे घेणार नाही. या पत्राच्या प्रती विद्यार्थ्यांमार्फत विभागांमध्ये पोचवत आहे. ज्यांनी माझ्याकडून आकडेवारी तपासून घेतली आहे त्यांना मी कोण हे हा मजकूर वाचून बहुधा कळेलच. त्यांनी नाव बाहेर न सांगता सरळ माझ्याकडे यावं. पुढच्या सत्राचे प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी आलात तर बदल करायला वेळ हाताशी असेल.

कळावे,
आपली,
संख्याशास्त्राची एक शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे